ही नळी अजून लागते का?

"ऑपरेशन छान झालं होतं हो, पण नंतर इन्फेक्शन झालं." इंदूरच्या मराठी वस्त्यांत, रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत, हे वाक्य ज्या घरानं कधी ऐकलं नाही असं घर सापडणं कठीण. पुढे बोलणं दोनच वाटांनी जातं. एक तर "तो दवाखानाच घाणेरडा होता", नाही तर "नशीब, दुसरं काय". दोन्ही उत्तरं सोयीची आहेत आणि बहुतेक वेळा अपुरी. दवाखान्यात जडणाऱ्या जंतुसंसर्गाचे रस्ते ठरलेले आहेत, ते बऱ्यापैकी ठाऊक आहेत, आणि त्यांतले काही रस्ते पेशंटच्या उशाशी बसलेला माणूसही अडवू शकतो. आपल्याकडे त्याला अटेंडर म्हणतात. हा लेख मुख्यतः त्या अटेंडरसाठी आहे. मी डॉक्टर नाही, पण मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत आणि कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहायच्या, प्लेटा पुष्कळ पाहिल्या आहेत.

आधी व्याख्या. ॲडमिट होताना जो संसर्ग अंगात नव्हता, सुप्त स्वरूपातही नव्हता, आणि ॲडमिट झाल्यावर साधारण 48 तासांनंतर दिसू लागला, तो दवाखान्यातला संसर्ग. डेंग्यूचा ताप घेऊन आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी जास्त फणफणला तर तो या हिशेबात येत नाही. पाय मोडला म्हणून ॲडमिट केलेल्या आजोबांना पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि लघवी गढूळ झाली, तर तो येतो. ऑपरेशनच्या जखमेचं वेळापत्रक वेगळं असतं, त्याकडे नंतर येऊ.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये जगभराचा आढावा घेतला. श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत दर 100 ॲडमिट पेशंटांपैकी 7 जणांना, आणि मध्यम व कमी उत्पन्नाच्या देशांत 15 जणांना, मुक्कामात किमान एक तरी असा संसर्ग होतो. ज्यांना होतो त्यांच्यापैकी सरासरी दहातला एक दगावतो. या आकड्यांत दोन गोष्टी दडल्या आहेत. 15 आणि 7 मधलं अंतर पाहिलं तर बरंच काही टाळता येण्यासारखं आहे. आणि 7 हा आकडा शून्य नाही, म्हणजे पैसा, यंत्रं, चकचकीत फरशी सगळं असलेल्या ठिकाणीही हा प्रकार होतो. म्हणूनच एखादं रुग्णालय छातीठोकपणे "आमच्याकडे इन्फेक्शन होतच नाही" म्हणालं की मला शंका येते. बहुधा तिथे कुणी मोजत नसतं.

जंतू कुठले?

शेजारच्या खाटेवरचे जंतू हवेतून उडत येतात, अशी आपली समजूत असते. टीबी, गोवर, कांजिण्यांच्या बाबतीत ते खरं आहे, आणि म्हणून त्या पेशंटांना वेगळं ठेवतात. पण वॉर्डात आणि आयसीयूत नेहमी त्रास देणारे जंतू वेगळे असतात, आणि त्यांतले पुष्कळसे पेशंटच्या स्वतःच्या अंगावरचेच असतात. कातडीवर स्टॅफिलोकॉकस असतो, आतड्यात ई. कोलाय आणि क्लेबसिएला असतात. ते आपापल्या जागी गुण्यागोविंदानं नांदतात. कातडी फाटली, शिरेत सुई गेली, मूत्राशयात नळी गेली की त्यांना एरवी बंद असलेलं दार उघडं मिळतं.

दुसरा गट दवाखान्यातच मुक्काम ठोकून असतो. अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू खाटेच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणावर कोरड्या अवस्थेत कित्येक आठवडे जिवंत राहतो. स्यूडोमोनास ओलाव्यात रमतो, म्हणजे बेसिनच्या जाळीत, कूलरच्या पाण्यात, ऑक्सिजनच्या बाटलीत. प्लेटवर वाढला की त्याचा हिरवट रंग पसरतो आणि पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. इतका प्रसन्न वास आणि इतका त्रासदायक जंतू ही जोडी मला कधीच पचली नाही. अलीकडे कॅन्डिडा ऑरिस ही एक बुरशीही यात सामील झाली आहे. 2009 मध्ये जपानमधल्या एका पेशंटच्या कानातून ती प्रथम वेगळी करून तिचं वर्णन झालं. आता भारतासह अनेक देशांतल्या आयसीयूंना ती हैराण करते, कारण एकदा वॉर्डात शिरली की पृष्ठभागांवरून हटता हटत नाही आणि बुरशीची नेहमीची औषधंही तिच्यावर बऱ्याचदा चालत नाहीत.

यातला कुठलाच जंतू स्वतः चालत पेशंटच्या रक्तात जात नाही. त्याला वाहन लागतं आणि दार लागतं. वाहन म्हणजे बहुतेक वेळा माणसाचा हात. दार म्हणजे बहुतेक वेळा नळी.

नळ्यांची गोष्ट

शरीरात प्लास्टिकची नळी घातली की काही तासांतच तिच्यावर जंतू बसायला सुरुवात करतात आणि स्वतःभोवती चिकट थर विणतात. बरेच दिवस आतून न घासलेल्या माठाला हात लावला की जो बुळबुळीतपणा लागतो, तो याच जातीचा. पाणी ओतून तो जात नाही, घासावाच लागतो. शरीरातल्या नळीला घासणार कोण? रक्तातून आलेलं अँटिबायोटिक त्या थराच्या आत नीट पोहोचत नाही. म्हणून नळीला संसर्ग झाला की डॉक्टर अनेकदा आधी नळी काढतात आणि मग औषधाचं बघतात.

लघवीची नळी घ्या. ती आत असेपर्यंत दर दिवशी संसर्गाची शक्यता साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढत जाते. म्हणजे दोन दिवसांची नळी आणि दहा दिवसांची नळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑपरेशनच्या वेळी, लघवी अडकली असेल तेव्हा, किंवा तासातासाला लघवी मोजायची असेल तेव्हा ती हवीच. पण आपल्याकडे ती पुष्कळदा सोय म्हणून राहते. आजींना रात्री उठवायला नको, चादर बदलायला नको, आयाबाईला हाक मारायला नको. घरच्यांनाही ते बरं वाटतं, हे मान्य करायला हवं. डायपर, भांडं किंवा आधार देऊन बाथरूमपर्यंत नेणं हे कटकटीचं आहे, पण मूत्रपिंडापर्यंत चढलेला संसर्ग त्याहून फार महाग पडतो.

नळी असेल तेवढे दिवस लक्ष ठेवण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या आहेत. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी, पण जमिनीला टेकलेली नको. पेशंटला स्ट्रेचरवर घेताना पिशवी उचलून त्याच्या पोटावर ठेवायची सवय सगळीकडे दिसते. तेव्हा साचलेली लघवी उलटी आत जाऊ शकते. आणि नळी व पिशवी यांचा जोड उगाच उघडायचा नाही.

सलाईनचं प्रकरण आपल्या भागात जरा वेगळंच आहे. इंदूरात काय आणि आसपासच्या धार, देवास, खरगोनकडे काय, "अशक्तपणा आलाय, एक बाटली चढवा" ही मागणी पेशंटच करतो. तोंडानं पाणी, पेज, सरबत घेऊ शकणाऱ्या माणसाला त्या बाटलीतून मीठ-साखरेच्या पाण्याखेरीज फारसं काही मिळत नाही. शिरेत एक भोक मात्र पडतं. हातातली सुई लाल झाली, दुखू लागली, सुजली, किंवा पट्टी ओली होऊन सुटली, तर सिस्टरला लगेच दाखवावं. आणि बाटली बंद होऊन दिवस उलटला तरी "राहू द्या, पुन्हा लागली तर" म्हणून सुई तशीच असेल, तर ती का ठेवली आहे हे विचारावं.

आयसीयूत मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेत जी नळी घालतात तिचा धोका सर्वांत मोठा, कारण तिथून जंतू थेट हृदयाकडे जाणाऱ्या रक्तात पोहोचतो. याबद्दलचा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला अनुभव जगभर सांगितला जातो. 2006 मध्ये तो प्रसिद्ध झाला. 103 आयसीयूंनी मिळून पाचच गोष्टी पाळायच्या ठरवल्या. नळी घालण्याआधी हात धुवायचे. गाऊन, मास्क, टोपी, मोठी निर्जंतुक चादर असा पूर्ण सरंजाम करायचा. कातडी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं पुसायची. जांघेतली शीर शक्यतो टाळायची. आणि गरज संपली की नळी काढायची. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. दीड वर्षात या नळ्यांमुळे होणारे रक्तसंसर्ग जवळपास दोन तृतीयांशांनी कमी झाले. यातली मला सर्वांत धाडसी वाटलेली गोष्ट म्हणजे डॉक्टरांकडून एखादी पायरी सुटली तर त्यांना थांबवण्याचा अधिकार सिस्टरला दिला होता. आपल्याकडे सिस्टरनं मोठ्या सर्जनला "सर, थांबा" म्हणणं किती ठिकाणी शक्य आहे, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

व्हेंटिलेटरची नळी घशातून श्वासनलिकेत जाते. खोकून कफ बाहेर टाकायची आपली यंत्रणा तिच्यामुळे बंद पडते, तोंडातली लाळ नळीच्या कडेनं हळूहळू खाली झिरपते आणि न्यूमोनिया होतो. म्हणून खाटेचा डोक्याकडचा भाग 30 ते 45 अंश उचललेला असावा, तोंड आणि दात रोज ब्रशनं साफ व्हावेत, आणि झोपेचं औषध कमी करून पेशंट स्वतः श्वास घेऊ शकतो का हे रोज तपासावं. यातलं अटेंडरला बाहेरून दिसतं ते खाटेचं डोकं. ते सपाट दिसलं तर विचारायला हरकत नाही. काही पेशंटांत वैद्यकीय कारणानं ते मुद्दाम सपाट ठेवलेलं असतं, मग डॉक्टर तसं सांगतील.

व्हेंटिलेटर नसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा न्यूमोनिया मात्र पुष्कळदा आपल्याच प्रेमातून होतो. आडव्या पडलेल्या, अर्धवट गुंगीतल्या आजींना चमच्यानं वरणाचं पाणी पाजायचं, आणि ठसका लागला की पाठ चोळायची. तो ठसका म्हणजे अन्न फुप्फुसाच्या वाटेला गेल्याची खूण असते. बसवून, पूर्ण जागं करून, छोटे घोट द्यावेत, आणि भरवून झाल्यावर अर्धा तास तरी बसतं ठेवावं.

हात

1847 मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. एकात सुईणी काम करत, दुसऱ्यात डॉक्टर आणि विद्यार्थी. डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतज्वरानं खूपच जास्त बायका मरत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणी तपासायला येतात. त्यानं क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यानं हात धुवायची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठराहून अधिक बाळंतिणी दगावल्या होत्या, काही महिन्यांतच ते प्रमाण दोनाच्या आसपास आलं. तेव्हा जंतू म्हणजे काय हेही कुणाला धड ठाऊक नव्हतं. सहकाऱ्यांना तो स्वतःचा अपमान वाटला, आणि सेमेलवाइसला फारसं कुणी जुमानलं नाही. 1865 मध्ये तो मनोरुग्णालयात वारला, तोही चिघळलेल्या जखमेच्या संसर्गानं.

आज जंतूंबद्दल सगळं ठाऊक आहे. तरी जिनिव्हासारख्या ठिकाणच्या विद्यापीठ रुग्णालयात 1994 मध्ये निरीक्षकांनी मोजलं तेव्हा जिथे हात साफ करायला हवे होते तिथे निम्म्याहून कमी वेळा, 48 टक्के वेळा, ते साफ होत होते. तिथले डॉक्टर डिडिए पिटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषणबाजी कमी केली आणि अल्कोहोलच्या बाटल्या थेट खाटेजवळ आणून ठेवल्या, जागोजाग पोस्टर लावली, मोजणी चालू ठेवली. 1997 पर्यंत प्रमाण 66 टक्क्यांवर गेलं. संसर्ग झालेल्या पेशंटांचं प्रमाण 16.9 वरून 1998 पर्यंत 9.9 टक्क्यांवर आलं. बेसिन कॉरिडॉरच्या टोकाला असेल आणि सिस्टरकडे वीस पेशंट असतील तर ती दर वेळी हात धुवायला जाणार नाही. तिच्या वृत्तीत खोट काढण्याआधी बाटली कुठे ठेवली आहे ते बघावं.

जागतिक आरोग्य संघटनेनं हात साफ करण्याचे पाच प्रसंग ठरवले आहेत. पेशंटला हात लावण्याआधी. इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी यांसारख्या कामाआधी. रक्त, लघवी, उलटी यांच्याशी संबंध आल्यावर. पेशंटला हात लावून झाल्यावर. आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. शेवटचा प्रसंग सगळ्यात जास्त विसरला जातो, घरच्यांकडूनही. "मी तर त्यांना शिवलोसुद्धा नाही, नुसता कठड्याला टेकून उभा होतो." तो कठडाच जंतूंची वस्ती असतो.

सॅनिटायझर हाताला 20 ते 30 सेकंद चोळायचं, बोटांची टोकं आणि अंगठे धरून. साबण-पाण्याला 40 ते 60 सेकंद लागतात. हात मळलेले दिसत असतील तर साबणच लागतो. पेशंटला अँटिबायोटिकनंतर जुलाब लागले असतील तरीही साबणच, कारण क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलनं मरत नाहीत, ते धुऊनच काढावे लागतात. आणि मनगटावरची मौली, गंडे, लाखेच्या बांगड्या, घड्याळ. देवळातून आलेला लाल धागा महिनोन्महिने ओला-कोरडा होत राहतो आणि त्याखाली हात कधीच धुतला जात नाही. सेवा करणाऱ्यानं तो तेवढ्या दिवसांपुरता काढून घरच्या देवापुढे ठेवला तर देव रागावेल असं वाटत नाही.

हातमोजे हा एक फसवा प्रकार. मोज्यांनी मोजे घालणाऱ्याचं रक्षण होतं. तेच मोजे घालून एका पेशंटकडून दुसऱ्याकडे, तिथून कीबोर्डकडे गेलं तर उघडा हात आणि मोजा यांत काहीच फरक उरत नाही. उलट, उघडा हात निदान कधी तरी धुतला जातो.

दिसणारी स्वच्छता

आपण इंदूरकर स्वच्छतेच्या बाबतीत थोडे मिजाशीत असतो, आणि 2017 पासून वर्षानुवर्षं देशात पहिल्या नंबरावर आलेल्या शहरानं असावंही. घरोघर कचरा वेगळा करून गाडीत टाकायची सवय या शहराला लागली, हे काही छोटं काम नाही. रुग्णालयांच्या कचऱ्यालाही 2016 च्या नियमांनुसार असेच रंग आहेत: रक्तानं भिजलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, नळ्या-मोज्यांसारखं प्लास्टिक लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. मोसंबीची सालं पिवळ्या डब्यात टाकू नयेत, एवढं इंदूरकराला सांगावं लागू नये.

पण या सवयीतून एक गैरसमजही निघतो. झाडलेलं, पुसलेलं, फिनाइलचा वास येणारं ते सुरक्षित, असं आपण धरून चालतो. आयसीयूबाहेर चपला काढायला लावतात, आणि आपण त्या देवळाबाहेर काढाव्यात तशा काढतो आणि हात तसेच घेऊन आत जातो. पेशंट जमिनीवर झोपलेला नसतो. जमिनीवरचे जंतू त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत, आणि बुटांवर घालायच्या पिशव्यांनी ऑपरेशननंतरचे संसर्ग कमी होतात असा पुरावा नाही. चपलांवरची ही निष्ठा हातांकडे वळली तर खूप काम होईल. ऑपरेशन थिएटर फॉर्मॅलिननं "फ्युमिगेट केलं का?" हाही असाच आवडता प्रश्न. त्याच्या वाफेनं धाक वाटतो, पण फॉर्मॅलिन कर्करोगाला कारणीभूत ठरणारं रसायन आहे. नेहमीचं काम पृष्ठभाग नीट पुसणं, हवेचं योग्य गाळण आणि उपकरणांचं निर्जंतुकीकरण यांनीच होतं.

निर्जंतुकीकरणात जरासं दुर्लक्षही किती महाग पडू शकतं याची आठवण इंदूरला अजून आहे. ऑगस्ट 2019 मध्ये इथल्या एका रुग्णालयात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर 11 जणांच्या डोळ्यांना संसर्ग झाला आणि दृष्टी गेल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन काही मिनिटांचं, पेशंट त्याच दिवशी घरी. तरीही एका दिवशी एकापाठोपाठ एक ऑपरेशनं होत असताना डोळ्यात सोडायचं द्रावण, उपकरणं, पाणी यांतल्या एकाच गोष्टीत जंतू असला तर तो रांगेतल्या प्रत्येकापर्यंत जातो. अशा वेळी एकेका डॉक्टरच्या हातगुणाचा प्रश्न नसतो, सगळी साखळीच तपासावी लागते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं उपकरणं निर्जंतुक करायच्या यंत्रात, 121 अंशांच्या वाफेवर 15 मिनिटं हा नेहमीचा हिशेब आहे. पाकिटावरच्या पट्टीच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे पाकीट तापलं एवढंच कळतं. आतले जंतू खरंच मेले का, हे बघायला चिवट बीजाणूंची कुपी आत ठेवून लॅबमध्ये वाढवून पाहतात. रुग्णालय ही चाचणी नियमित करतं का, हा प्रश्न फ्युमिगेशनपेक्षा कितीतरी चांगला.

ऑपरेशनच्या आधी

ठरवून करायच्या ऑपरेशनात पेशंटच्या हातात बरंच असतं. आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी साबणानं आंघोळ करावी. "डॉक्टरांना सोपं जावं" म्हणून घरी वस्तऱ्यानं केस काढू नयेत. त्यानं कातडीवर न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. गरज असलीच तर रुग्णालयात क्लिपरनं कापतात. दात किडून सुजला असेल, कुठे गळू असेल, लघवीत जळजळ असेल तर आधी सांगावं, विशेषतः गुडघा बदलायचा असेल तेव्हा. बिडी-सिगारेट महिनाभर आधी सुटली तर जखम चांगली भरते. आणि रक्तातली साखर ऑपरेशनच्या सुमारास 200 च्या खाली हवी. सकाळच्या पोह्यांबरोबर जिलेबी ही इंदूरची जीवनपद्धती आहे, हे मान्य. पण तारीख पक्की झाली की पोह्यांवर भागवावं.

प्रतिबंधक अँटिबायोटिक चीर देण्याआधी, साधारण शेवटच्या तासाभरात, शिरेतून देतात, म्हणजे सुरी लागते तेव्हा औषध पेशींत पोहोचलेलं असतं. "टाके पिकू नयेत" म्हणून ऑपरेशननंतर आठवडाभर गोळ्या चालू ठेवल्यानं बहुतेक ऑपरेशनांत काही फायदा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 पासून हे स्पष्ट सांगितलं आहे. तरी डिस्चार्ज कार्डावर गोळ्या नसतील तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं.

ही चुकल्याची भावना शेवटी आयसीयूत जाऊन पोहोचते. अँटिबायोटिक दिलं की साधे जंतू मरतात आणि निगरगट्ट जंतूंना रान मोकळं होतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद 2013 पासून देशातल्या मोठ्या रुग्णालयांतल्या नमुन्यांवर लक्ष ठेवते. तिच्या अलीकडच्या अहवालांत अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या दहापैकी सुमारे नऊ नमुन्यांवर मेरोपेनेम चालत नाही. मेरोपेनेम म्हणजे आयसीयूतलं राखीव दलाचं औषध. ते चाललं नाही तर पुढे उरतात ती मोजकी, महाग आणि किडनीला जड जाणारी औषधं.

म्हणून कल्चरचा आग्रह धरावा. ताप आल्यावर, नवं अँटिबायोटिक सुरू होण्याआधी, रक्ताचा किंवा लघवीचा नमुना गेला का, एवढं विचारावं. रक्ताचे नमुने दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतले तर "दोनदा का टोचलं" म्हणून भांडू नये. एकातच वाढलेला जंतू कातडीवरचा असू शकतो, दोन्हीत वाढला तर तो रक्तातला असण्याची शक्यता मोठी. रिपोर्टला सहसा दोन-तीन दिवस लागतात, कारण जंतूला प्लेटवर वाढायला वेळ लागतो आणि मग कुठलं औषध त्याला मारतं ते पाहायला आणखी एक दिवस जातो. रिपोर्टात औषधांच्या नावापुढे एस असेल तर ते चालेल, आर असेल तर चालणार नाही. तो रिपोर्ट हाती आल्यावर बरेचदा मोठं औषध थांबवून साधं देता येतं. डॉक्टरांनी औषध "उतरवलं" म्हणून घाबरू नये, ती चांगली बातमी असते. आणि लघवीच्या नळीतून घेतलेल्या नमुन्यात जंतू दिसला, पण पेशंटला ताप नाही, त्रास नाही, तर तो फक्त तिथे राहतो आहे, आजार करत नाही, असंही पुष्कळदा असतं. प्रत्येक प्लेटवरच्या प्रत्येक जंतूला औषध द्यायचं नसतं.

भेटायला येणारे

यावर थोडक्यात, कारण कितीही लिहिलं तरी आत्या येणारच. सर्दी-खोकला, जुलाब, अंगावर पुरळ असणाऱ्यानं फोनवर चौकशी करावी. लहान मुलांना आणू नये. खाटेवर बसू नये, पर्स, हेल्मेट आणि डबा खाटेवर ठेवू नये. खजराना गणपतीचा अंगारा आणला असेल तर तो कपाळाला लावावा. मानेतल्या नळीजवळ, श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकापाशी किंवा टाक्यांवर अजिबात नको, आणि तोंडात काही घालण्याआधी पेशंटला खायची परवानगी आहे का ते विचारावं. टाक्यांवर हळदही नको. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूतल्या, कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत मात्र आईला लांब ठेवणं म्हणजे स्वच्छता नव्हे. हात धुतलेल्या आईनं बाळाला छातीशी कातडीला कातडी लावून धरलं आणि तिचंच दूध मिळालं तर बाळाला संसर्ग कमी होतात.

विचारायचं कसं, ही खरी अडचण. आपल्याला वाटतं, डॉक्टर चिडतील आणि मग पेशंटकडे लक्ष देणार नाहीत. रोजच्या राऊंडला "आपण हात धुतलेत का?" असं विचारणं अवघड जातं हे खरं आहे. मग सॅनिटायझरची बाटली खाटेच्या पायथ्याशी ठेवावी, डॉक्टर आत येताच आधी स्वतःच्या हातावर घ्यावं आणि बाटली त्यांच्यापुढे धरावी. बहुतेक जण हात पुढे करतात. आणि सिस्टरला रोज सकाळी एकच प्रश्न: "दीदी, ये नली आज निकल सकती है क्या?" यात आरोप नाही. उत्तर "नाही" असेल तर कारण कळतं. उत्तर "अरे हो, डॉक्टरांना विचारते" असं येतं तेव्हा एक दार त्याच दिवशी बंद होतं. इंजेक्शनची सुई आणि सिरिंज आपल्यासमोर नव्या पाकिटातून फोडा, हेही असंच सरळ म्हणता येतं. हेपेटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवससुद्धा टिकतो, आणि त्याची लस सेवा करणाऱ्यांनीही घेतलेली बरी.

घरी आल्यावर

डिस्चार्ज मिळाला म्हणजे हिशेब मिटला असं नाही. ऑपरेशनच्या जखमेचा संसर्ग अनेकदा घरी आल्यावरच दिसतो. टाक्यांभोवतीची लाली कमी होण्याऐवजी पसरायला लागली, जखम गरम लागली, पू किंवा गढूळ पाणी आलं, वास आला, कमी होत चाललेलं दुखणं पुन्हा वाढलं, ताप आला, तर जवळच्या मेडिकलवरून गोळ्या न आणता ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जावं. त्यांना आत काय केलं आहे ते ठाऊक असतं, आणि रुग्णालयाच्या नोंदीतही तो संसर्ग तेव्हाच येतो. दुसरीकडे उपचार घेतले तर मूळ रुग्णालयाला आपल्याकडे काही बिघडलं आहे हे कधी कळतच नाही. डिस्चार्ज कार्ड, कल्चरचे रिपोर्ट आणि दिलेल्या अँटिबायोटिकांची नावं एकाच फाइलीत ठेवावीत. साध्या ऑपरेशननंतर 30 दिवस, आणि आत सांधा, प्लेट किंवा जाळी बसवली असेल तर 90 दिवस, ही फाइल हाताशी हवी.